ईएसआय बंद झालं, आता दवाखान्याचं काय? पगार २१ हजारांवर गेलेल्या आणि नोकरी सुटलेल्या कामगारांसाठी

माझे दाजी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहेत. एप्रिलमध्ये त्यांचा पगार २०,६०० वरून २२,४०० झाला. ताईनं त्या दिवशी शिरा केला होता. महिनाभरानं तिच्या शुगरच्या गोळ्या संपल्या. त्या ईएसआयमधून, म्हणजे पगारातून वर्गणी कापून कामगाराला आणि कुटुंबाला उपचार देणाऱ्या सरकारी विम्यातून मिळायच्या. दाजींनी कंपनीत विचारलं, तर ऑफिसातल्या मुलानं एका वाक्यात सांगून टाकलं, "तुमचं ईएसआय एप्रिलपासून बंद." तेव्हापासून ताई मेडिकलमधून गोळ्या विकत घेऊ लागली. शुगरच्या, थायरॉईडच्या, वर दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. गणपतीला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा हे कळलं. कपाटावरचा पत्र्याचा डबा तिनं खाली काढला, त्यातले सगळे केसपेपर माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आता हे जपून तरी काय करायचं?"

त्यांचं ईएसआय त्या दिवशीही चालू होतं. ३१ डिसेंबरपर्यंत चालणार होतं. फक्त ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चार महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे हाताशी असलेल्या नऊ महिन्यांतले पाच महिने वाया गेले.

म्हणून हा लेख. पगारवाढीमुळे, नोकरी सुटल्यामुळे किंवा निवृत्तीमुळे ज्यांचं ईएसआय जाणार आहे किंवा नुकतंच गेलं आहे, त्यांनी कोणत्या क्रमानं काय करावं, ते सगळं इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक पहिल्यांदा विमा एजंटला फोन करतात. ते काम खरं तर शेवटी यायला हवं.

आधी आपली शेवटची तारीख काढा

ईएसआयची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. पगार या आकड्यावर गेला की त्याच दिवशी कार्ड बंद होतं, असा सगळीकडे समज आहे. तो चुकीचा आहे.

ईएसआयचं वर्ष दोन भागांत चालतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा. या काळाच्या मध्येच पगार वाढला, तरी तो काळ संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि तुम्ही विमाधारकच राहता. वर्गणी थांबल्यावरही उपचार लगेच थांबत नाहीत, कारण प्रत्येक वर्गणीकाळाला पुढचा एक लाभकाळ जोडलेला असतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर त्यानंतरच्या जुलै ते डिसेंबरमध्ये.

आता दाजींचं उदाहरण घ्या. पगार १ एप्रिलपासून वाढला, म्हणजे शेवटची वर्गणी मार्चची. ऑक्टोबर ते मार्चचा लाभकाळ डिसेंबरअखेर संपतो. एप्रिल ते जून हे महिने त्याआधीच्या, म्हणजे आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीत बसतात. थोडक्यात, वर्गणी थांबल्यापासून सलग नऊ महिने. हीच वाढ १ मेपासून लागू झाली असती तर सप्टेंबरपर्यंत वर्गणी गेली असती आणि उपचार पुढच्या ३० जूनपर्यंत मिळाले असते. एका महिन्याच्या फरकानं सहा महिने वाढले असते.

यात एक अट आहे: त्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. वाढ मिळालेल्या माणसाला तिची अडचण येत नाही, कारण त्याचे सहा महिने पूर्ण असतात. नोकरी सोडणाऱ्याला मात्र हीच अट नडते. समजा कुणी १० नोव्हेंबरला काम सोडलं. ऑक्टोबरपासून फार तर चाळीसेक दिवस झाले. म्हणजे त्या काळाचा लाभ नाही, आणि आधीच्या वर्गणीवरचं संरक्षण ३० जूनला संपतं. तोच माणूस डिसेंबरअखेरपर्यंत थांबला असता तर ७८ दिवस भरले असते आणि पुढचं अख्खं सहामाही संरक्षण, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंतचं, हाती आलं असतं. राजीनाम्याची तारीख आपल्या हातात असेल तर हा हिशोब करूनच ती ठरवा. बिनपगारी रजेचे दिवस यात धरले जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

कंपनीनं किती दिवस भरले ते तोंडी विचारू नका. ईएसआयसीच्या, म्हणजे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या संकेतस्थळावर आपला दहा आकडी आयपी (विमाधारक) नंबर टाकून कामगार म्हणून लॉगिन करता येतं. तिथे दर महिन्याचे दिवस आणि रक्कम दिसते, शिवाय आपण लाभाला पात्र आहोत का तेही दिसतं. त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. दवाखान्यातल्या खिडकीवर "तुमचं बंद दाखवतंय" असं ऐकावं लागलं तर हाच कागद पुढे करायचा आणि शाखा कार्यालयात जायचं. टोल फ्री क्रमांक १८०० ११ २५२६ आहे.

पगारमर्यादेचा हिशोब करताना ओव्हरटाइम धरला जात नाही. ओव्हरटाइममुळे पगार २१ हजारांवर गेला असं मानून कुणाला ईएसआयमधून बाहेर काढता येत नाही. शिवाय नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली आहे. त्यामुळे भत्ते धरून-वगळून आपण आत आहोत की बाहेर, हे एकदा कंपनीकडून लेखी घ्या.

खरंच बाहेर पडलात का, हेही पाहा

बायको नोकरी करत असेल आणि तिच्या पगारातून ईएसआय कापलं जात असेल, तर नवरा तिच्या कुटुंबात बसतो. पुरुषाच्या कार्डावरच घर चालतं अशी सवय असल्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिच्या कार्डावर नवऱ्याचं आणि मुलांचं नाव चढवा, आधार जोडा, आणि प्रश्न तिथेच मिटतो.

कारखाना बंद पडल्यामुळे, कामगारकपातीत किंवा नोकरीशी संबंध नसलेल्या कारणानं आलेल्या ४० टक्के वा अधिक कायमच्या अपंगत्वामुळे काम गेलं असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. किमान दोन वर्षांची वर्गणी असेल तर २४ महिन्यांपर्यंत बेकारी भत्ता मिळतो, पहिलं वर्ष पगाराच्या ५० टक्के आणि दुसरं वर्ष २५ टक्के. त्या काळात स्वतःला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचारही सुरू राहतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना वेगळी. तिच्यात जास्तीत जास्त ९० दिवस सरासरी रोजाच्या ५० टक्के रक्कम मिळते, तीही आयुष्यात एकदाच. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, त्यामुळे सध्या ती लागू आहे का ते शाखा कार्यालयात विचारूनच अर्ज करा.

निवृत्त होणाऱ्यांसाठी जी सोय आहे ती मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी लोकांना माहिती आहे. किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये असलेला कामगार वयोमानानुसार किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडला, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि जोडीदाराला उपचार सुरू ठेवता येतात. वर्षाला, महिन्याला नव्हे. साठीनंतरच्या दोन माणसांना बाहेर कुठलीही विमा कंपनी या रकमेत दारातही उभं करणार नाही. कंपनीकडून निवृत्तीचा दाखला घ्या, शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि दरवर्षी पैसे भरण्याची तारीख पाळा. निवृत्तीच्या आधीच ज्यांचा पगार मर्यादेबाहेर गेला ते यातून सुटत होते. त्यांच्यासाठी महामंडळानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सवलतीचा निर्णय घेतला: १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं विमाधारक असलेले आणि १ एप्रिल २०१७ नंतर महिना ३० हजारांपर्यंतच्या पगारावर निवृत्त झालेले कामगार. तुमच्या गल्लीत असे कुणी काका असतील तर त्यांना आजच सांगा.

आणखी एक. पुढे कधी २१ हजारांच्या आतल्या पगारावर दुसरीकडे लागलात, तर नवीन आयपी नंबर काढू देऊ नका. जुनाच द्या. दोन नंबर झाले की आधीची सगळी वर्षं हिशोबातून गळतात.

हातातल्या महिन्यांत काय उरकायचं

तारीख कळली की मागे मोजायला लागा. घरात कुणाचं हर्नियाचं, मोतीबिंदूचं, मूळव्याधीचं, गर्भपिशवीचं, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून लांबवलेलं असेल, तर ते याच काळात ईएसआयमधून करून घ्या. कारण उद्या तुम्ही कितीही चांगला मेडिक्लेम घेतलात तरी नेमकी हीच ऑपरेशनं सुरुवातीला वगळलेली असतात, बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं. आणि आधीपासून असलेल्या आजाराला त्याहून जास्त थांबावं लागतं.

घरात गरोदर बाई असेल तर तिच्या तारखा आधी मांडा. मेडिक्लेममध्ये बाळंतपण असलंच तरी त्याला नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असते, म्हणजे आता घेऊन उपयोग नाही. लाभकाळात बाळंतपण बसत असेल तर ईएसआय रुग्णालयातच नाव नोंदवा. बसत नसेल तर सरकारी रुग्णालयात नोंदवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तिथे बाळंतपण मोफत आहे, सिझेरियन धरून.

मग कागद. ताईच्या डब्यात सात वर्षांचे केसपेपर होते, पण एकावरही शुगर कधी निघाली ते नीट लिहिलेलं नव्हतं. ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून आजाराचं नाव, तो कधी लक्षात आला, कोणती गोळी किती पॉवरची चालू आहे, हे एका कागदावर लिहून सही-शिक्का घ्या. रुग्णालयात दाखल होतात त्यांनी डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सोनोग्राफी घरी आणून ठेवावी. पुढे सरकारी रुग्णालय असो की विमा कंपनी, पहिला प्रश्न हाच येतो.

रेशनकार्डावरचे पाच लाख

महाराष्ट्रात राहणाऱ्याच्या हातात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असते आणि बहुतेकांना ती आपल्यासाठी नाही असं वाटतं. पूर्वी ते काही अंशी खरंही होतं, कारण ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती आणि मर्यादा दीड लाखाची होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती आयुष्मान भारत योजनेशी एकत्र करून पांढऱ्या कार्डासह सगळ्यांना खुली केली आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख केली. जुलै २०२४ पासून ती तशी सुरू आहे. दाजींचं कार्ड पांढरं, म्हणून त्यांनी कधी चौकशीही केली नव्हती.

योजना चांगली आहे, पण तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही ओळखून ठेवा. ती दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे: हृदयाची ऑपरेशनं, कॅन्सर, डायलिसिस, मेंदूचे आणि हाडांचे काही आजार, नवजात बाळांवरचे उपचार. उपचारांची यादी मोठी आहे, पण ती यादी आहे. रोजच्या गोळ्या, साधी तपासणी, दोन दिवसांचा ताप यात येत नाही. आणि फक्त योजनेशी जोडलेल्या, म्हणजे अंगीकृत रुग्णालयातच चालते, तिथेही त्या रुग्णालयाला मंजूर असलेल्या विभागापुरतीच.

तयारी आत्ताच करा, आजारी पडल्यावर नको. रेशनकार्ड उघडून त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे का बघा. सर्वांत जास्त अडते ती दोघं म्हणजे लग्न होऊन आलेली सून आणि नंतर जन्मलेलं मूल. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुंबई-पुण्यासारख्या शहरात शिधावाटप कार्यालयात, नाव चढवून घ्या. कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही पाहा. 'सुरेखा' आणि 'सुलेखा' या एका अक्षरासाठी माणसं भरतीच्या दिवशी धावाधाव करताना मी पाहिली आहेत. मग आयुष्मान ॲपवर किंवा जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात प्रत्येकाचं ई-केवायसी करून कार्ड काढून घ्या.

प्रत्यक्ष वेळ आली तर रुग्णालयात शिरल्याबरोबर बिलिंगच्या खिडकीवर जाऊ नका, आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा टेबल शोधा. अंगीकृत रुग्णालयात तो असतोच. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद त्याच्याकडे द्या. तो मंजुरीसाठी ऑनलाइन पाठवतो. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर चालतात. 'योजनेत बसतं, पण एवढे वर भरा' असं कुणी म्हणालं तर लगेच तिथूनच १५५३८८ ला किंवा १८०० २३३ २२०० ला फोन लावा. पावती मागा. पावती द्यायची वेळ आली की बरेचदा मागणी मागे घेतली जाते.

घरातल्या सत्तरीच्या पुढच्या आई-वडिलांसाठी वेगळं काम करा: आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, पाच लाखांपर्यंतचं हे संरक्षण आहे. ईएसआय किंवा खासगी विमा असला तरी मिळतं. लागतं फक्त आधार. माहिती १४५५५ वर.

गोव्यात असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना. किमान पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबाला तीन माणसांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. नोंदणीची आणि नूतनीकरणाची रक्कम दोन-तीनशे रुपयांची आहे, पण नूतनीकरण चुकलं तर कार्ड निरुपयोगी होतं.

कंपनीला हा हिशोब दाखवा

२१ हजार पगारावर ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे साधारण १५८ रुपये तुमच्या पगारातून जात होते आणि कंपनी ३.२५ टक्के, म्हणजे साधारण ६८३ रुपये भरत होती. तुम्ही बाहेर पडलात की तुमचे १५८ वाचतात आणि कंपनीचे ६८३ वाचतात. वर्षाला माणशी आठ हजारांच्या वर. एकट्यानं जाऊन मागू नका. आठ-दहा जणांचा पगार एकदमच वाढलेला असतो, सगळ्यांनी मिळून युनियनमार्फत किंवा लेखी अर्जानं ग्रुप मेडिक्लेमची, म्हणजे कंपनीनं सगळ्यांसाठी मिळून घ्यायच्या आरोग्य विम्याची मागणी करा आणि हा आकडा त्यात लिहा.

ग्रुप मेडिक्लेम मिळाला तर बहुतेकदा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, आणि ताईसारख्या शुगर असलेल्या माणसाला ही फार मोठी गोष्ट आहे. पॉलिसीत आई-वडील आहेत का, बाळंतपण आहे का, खोलीभाड्याला मर्यादा आहे का, हे तीन प्रश्न विचारा. पण एक ध्यानात ठेवा, नोकरी गेली की हे छत्रही जातं. जाताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती करता येते. त्यासाठी शेवटच्या दिवसाआधीच अर्ज द्यावा लागतो.

स्वतःची पॉलिसी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश जाऊ.

पहिलं म्हणजे वेळ. ईएसआयचं संरक्षण चालू असतानाच पॉलिसी घ्या, शेवटच्या महिन्यात नको. कोणत्याही नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही मिळत नाही. जुन्या आजारांची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते. २०२४ पर्यंत ती ४८ होती. ईएसआयची तुमची सात वर्षं इथे धरली जात नाहीत, कारण ती विमा कंपनीची पॉलिसी नव्हती, आणि पोर्टेबिलिटी, म्हणजे जुनी वर्षं नव्या पॉलिसीत धरून घेणं, फक्त विमा कंपन्यांच्या पॉलिसींत चालते. म्हणजे घड्याळ शून्यापासून सुरू होतं. लाभकाळ चालू असताना पॉलिसी घेतली की प्रतीक्षेचे तेवढे महिने ईएसआयच्या सावलीत निघून जातात. दाजींना एप्रिलमध्येच हे कळलं असतं तर नऊ महिने असे निघाले असते.

दुसरं, किती रकमेची. राज्याच्या योजनेचे पाच लाख हाताशी आहेत हे धरून बघा. ज्यांना जमतं त्यांनी कुटुंबासाठी पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर घ्यावा, म्हणजे एकच रक्कम सगळ्यांत मिळून वापरायची. पण वयस्कर आई-वडिलांना त्याच फ्लोटरमध्ये घालू नका. हप्ता सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळे सगळ्यांचाच वाढतो. त्यांना वय वंदना आणि जमलं तर वेगळी पॉलिसी.

ज्यांना खासगी पॉलिसींच्या जंगलात शिरायचं नाही त्यांनी 'आरोग्य संजीवनी' मागावी. ही एप्रिल २०२० पासून विमा नियामकानं ठरवून दिलेली एकसारखी पॉलिसी आहे. कंपनी कोणतीही असो, अटी त्याच, फरक फक्त हप्त्याचा आणि सेवेचा. त्यामुळे तुलना करणं सोपं जातं. हिच्यात प्रत्येक बिलाचे पाच टक्के आपण भरायचे असतात आणि खोलीभाड्याला विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला पाच हजारांच्या आत, अशी मर्यादा आहे.

या खोलीभाड्याच्या अटीत माणसं पोळतात. समजा मर्यादा पाच हजार आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतली. कापले जातात ते फक्त वरचे तीन हजार नव्हेत. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळं त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच भाग, एवढंच मंजूर होतं. दोन लाखांच्या बिलात हा फटका सहज पन्नास-साठ हजारांचा बसतो. भरती होताना आपल्या मर्यादेतली खोली द्या, असं स्पष्ट सांगा.

कंपनीचा दोन-तीन लाखांचा ग्रुप मेडिक्लेम असेल त्यांनी त्यावर सुपर टॉप-अप पाहावा. तीन लाखांच्या वरचा खर्च उचलणारी पॉलिसी पूर्ण पॉलिसीपेक्षा बरीच स्वस्त पडते. नुसता 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यांत फरक आहे: सुपरमध्ये वर्षभरातली सगळी बिलं एकत्र धरतात. तोच घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म. आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही तो भरला. 'मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड आहे का?' या रकान्यापाशी एजंट म्हणाला, "वहिनी, नाही लिहू. हप्ता वाढेल, कदाचित पॉलिसीच मिळणार नाही." ताई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आहे ते लिहा. माझ्या एका मित्राच्या वडिलांचं असंच 'नाही' लिहिलेलं होतं. अँजिओप्लास्टीच्या वेळी जुन्या केसपेपरवर सहा वर्षांपूर्वीची शुगर निघाली आणि साडेतीन लाखांचा क्लेम नाकारला गेला. कोर्टकचेरीची वेळ आली तरी चूक आपल्याच सहीची असते. ताईचा हप्ता थोडा वाढवून आला आणि शुगरला तीन वर्षं थांबायची अट लागली. ती मान्य करून पॉलिसी घेतली. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की मग विमा कंपनीला, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, 'माहिती लपवली' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण ती पाच वर्षं निघायला तर हवीत.

हप्ता रोख देऊ नका, आपल्याच खात्यातून भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तो लावलेला दिसला तर विचारा. पॉलिसी हातात आली की नावं, जन्मतारखा आणि जाहीर केलेले आजार बरोबर छापलेत का ते त्याच दिवशी वाचा. पसंत नसेल तर ३० दिवसांच्या आत परत करता येते. क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही आणि वकील लागत नाही.

आणि एक सावधगिरी. बँकेत २० रुपयांचा जो सुरक्षा विमा कापला जातो तो अपघाती मृत्यू आणि अपंगत्वाचा आहे. 'माझा विमा आहे' म्हणून बरेच जण त्याच भरवशावर असतात. दवाखान्याचं एक रुपयाचं बिल त्यातून मिळत नाही.

रोजच्या गोळ्या आणि बुडालेला रोज

ईएसआयला नावं ठेवणारे खूप भेटतात, रांगा आहेत, औषधं संपलेली असतात, हे खरंही आहे. पण ते गेल्यावरच कळतं की त्यात दोन गोष्टी होत्या ज्या मेडिक्लेममध्ये सहसा नसतात: दाखल न होता घ्यायची रोजची औषधं, आणि आजारपणात बुडालेल्या पगाराचे ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. ही भोकं आपल्यालाच बुजवायची आहेत.

औषधांसाठी डॉक्टरांना गोळीचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात जा. शुगर-बीपीच्या गोळ्यांत फरक लगेच जाणवतो. तपासण्यांसाठी सरकारी रुग्णालय वापरायला लाजू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरपासून सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं यात येत नाहीत, तरी तिथले दर खासगीच्या मानानं फार कमी आहेत.

मोठं आजारपण आलं, योजनेच्या यादीत बसलं नाही, पॉलिसीची प्रतीक्षा संपलेली नाही, अशी कोंडी झाली तर धर्मादाय रुग्णालयांचा कायदा आठवा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. म्हणजे २२-२५ हजार पगाराचा एकटा कमावता माणूस सवलतीच्या गटात बसतो. खूप नावाजलेली, काचेच्या इमारतींतली रुग्णालयंही यात आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून तोही आधीच काढून ठेवा. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात अडवता येत नाही.

बुडणाऱ्या पगारासाठी ताई आता दर महिन्याला पाचशे रुपये वेगळ्या पोस्टाच्या खात्यात टाकते. वाचलेले १५८ त्यात आहेतच. दाजींच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी रक्कम जमेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं आहे.

तो पत्र्याचा डबा अजून कपाटावरच आहे. झाकणाला आतल्या बाजूनं तिनं वहीचा एक कागद चिकटवलाय. वर आयपी नंबर, पॉलिसी नंबर आणि १५५३८८. खाली तीन तारखा: ईएसआयचा शेवटचा दिवस, पॉलिसीच्या हप्त्याचा दिवस, आणि शुगरची प्रतीक्षा संपते तो दिवस. शेवटच्या तारखेला तिनं लाल पेनानं गोल केला आहे.